कौदीचा मधला चौकोन

कात्रीचं टोक कशाला तरी अडलं. मंजुषानं जरा जोर दिला तेव्हा आतून टिक् असा बारीक आवाज आला, घासात खडा यावा तसा. कौदीत कडक असं काही नसतं. वर ठिगळं, खाली लुगडं आणि मध्ये धोतरांचे, परकरांचे, अभ्र्यांचे थर. मऊपणावर मऊपणा रचत जायचं आणि काठाकडून मध्याकडं टाके घालत आणायचे, म्हणजे कौदी. बटणं, हुक, नाड्या आधीच निघून डब्यात पडतात. अव्वाच्या, तिच्या आईच्या, हातून तर आत एक टाचणीसुद्धा राहिली नसती. मंजुषानं कात्री खाली ठेवली, मधल्या चौकोनाखाली दोन बोटं सारली आणि चाचपलं. गोल. चार भोकांचं. तिनं आणखी दोन-चार टाके उसवले, आणि दुपारच्या उजेडात पिस्ता रंगाच्या चौकडीवर एक तपकिरी बटण वर आलं, डबक्यातून बेडकाचा डोळा वर यावा तसं. बाहेर शिकवणीला निघालेल्या पोरींचा घोळका हसत गेला, डाळ मिलच्या बाजूनं तुरीच्या फोलाचा वास आला, कुणाचा तरी ऑटो उगाच हॉर्न देत राहिला. मंजुषाला ते सगळं ऐकू आलं आणि काहीच ऐकू आलं नाही. ते बटण तिनंच लावलं होतं.

पिस्ता सदऱ्याला तपकिरी बटण कोण लावतं? पण शिवप्रसाद, तिचा धाकटा भाऊ, याच खोलीत याच खिडकीशी उभा होता, एसटीची वेळ झाली होती, आणि डब्यात हाताला तेवढंच लागलं होतं. सदरा अंगात ठेवूनच तिनं टाका घातला. "अक्का, स्वेटरचं बटण लावलीस होय? लोक हसतील की मला." "छातीकडं कोण बघतंय तुझ्या, तम्मा? लोक तोंडाकडं बघतात. ते तेवढं जरा हसरं ठेवत जा." दोरा तिनं दातानं तोडला तेव्हा त्याच्या अंगाचा वास आला, साबणाचा आणि घामाचा. लहानपणी शाळेतून धावत यायचा तेव्हा यायचा तोच. तो देगलूरला घरी गेला, आणि दोन दिवसांनी नांदेडला जाऊन येतो म्हणून तोच सदरा घालून निघाला, तो आलाच नाही. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच वर्षीच्या भाद्रपदातली गोष्ट. उन्हाळाभर माणसं घागरी घेऊन रांगेत उभी होती आणि भाद्रपदात आभाळ असं फाटलं की गोदावरीला काठ म्हणून उरला नाही. ठाण्यात वर्णन मंजुषानं सांगितलं होतं. अंगात पिस्ता रंगाचा चौकडीचा सदरा, वरून दुसरं बटण वेगळं. पुढं ते वाक्य तिनं इतक्यांदा सांगितलं, नांदेडच्या फलाटावर, सोलापूरच्या दवाखान्यात, हैदराबादच्या एका मठात, की त्याला चाल लागली होती.

म्हणून आधी जे झालं तो आनंद होता. जो सदरा घालून तो गेला तो सदरा इथं आहे, म्हणजे तो घरी येऊन गेला! कधीतरी आला, दुसरा सदरा घातला, हा टाकला, पुन्हा गेला. अव्वाशी बोलला असेल. कुणाला सांगू नको म्हणाला असेल, त्याचा स्वभावच तसा, अलीकडं बोलणं किती कमी झालं होतं. जेवायला बसला की ताटाकडं बघत राहायचा; काय रे म्हटलं की काही न्हाई. म्हणजे आहे. कुठंतरी आहे. मंजुषा उठली, उगाच स्वयंपाकघरात गेली, पाणी न पिता परत आली. भिंतीवर तिनं काढलेलं एका दाराचं चित्र चिकटवलं होतं, चौकड्यांच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी. ते दार तिच्याकडं बघत होतं.

दार हा यंदाच्या आव्हानाचा विषय होता. शेजारच्या गल्लीतल्या आरतीनं बायकांचा गट जमवला होता. नोकरी सोडून ही पोर गोधड्यांच्या नादाला लागली म्हणून तिची आई कपाळावर हात मारायची. आरतीनं प्रत्येकीला निळ्या रंगाच्या एकाच ताग्यातला वीतभर तुकडा दिला होता. तो लावायचाच, आणि घरातल्या जुन्या वाकळेतलं काहीतरी वापरायचं, एवढ्या दोन अटी. "मावशी, तुम्ही मास्तरीण, तुमचं डिझाईन भूमितीचंच येणार. सगळ्या घाबरून राहिल्यात तुम्हाला!" मंजुषा शाळेतून निवृत्त झाली तेव्हापासून हेच करत होती. कागदावर चौकोन मोजायचे, त्रिकोण कापायचे, रंगाला रंग लावून बघायचा. आपलं दार तिला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. निळ्या कापडाचं दार, जरा उघडं, आणि फटीतून येणारी पिवळी पट्टी. तिचंच दार ते, या भाड्याच्या दोन खोल्यांचं. पाचवीपासून बारावीपर्यंत शिवप्रसाद इथं तिच्यापाशी राहून शिकला. तिच्या लग्नाचं कधी निघालं की म्हणायची, आधी तम्माचं होऊ दे. त्याचं झालं, आणि तिचं राहूनच गेलं. मालकानं दोनदा सांगितलं, बाई, वर हवेशीर खोल्या रिकाम्या झाल्यात. ती हलली नाही. तो आला तर त्याला पत्ता हाच माहीत. फोनचा नंबरही तिनं बदलला नव्हता. आरतीनं चित्र बघून विचारलं होतं, "फट कशाला मावशी? पूर्ण उघडं दाखवा की, छान दिसेल." ती म्हणाली होती, "असू दे. आतल्या माणसाला झोप लागलीय."

आणि दारामागचा काळोख अव्वाच्या कौदीतला हवा होता. अव्वा गेल्या पौषात गेली. देगलूरच्या घरी आता एकटी सुकन्या, शिवप्रसादची बायको, पुढच्या खोलीत पिको-फॉलचं दुकान चालवत राहते. आषाढात मंजुषा गेली तेव्हा अव्वाच्या खाटेवर कौदी घडी करून ठेवलेली होती. सुकन्या चहा घेऊन आली आणि मंजुषाच्या मांडीवर कौदी बघून दारातच थांबली. "अक्का, ती राहू द्या की. लई जुनी झालीय." "जुनीच पाहिजे मला." "दुसरी देते, याच्याहून चांगली. मागच्या साली धुतलेली हाय." "अगं, अव्वाच्या अंगावरची हीच ना?" सुकन्या कप हातात धरून उभी राहिली. चहावर साय धरली. मग म्हणाली, "न्या. पण उसवू नका अक्का. नुसती पांघरा." मंजुषाला तेव्हा वाटलं, सासूची आठवण हातातून सुटत नाही बिचारीच्या. तिनं सुकन्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. आता त्या हाताचीच तिला शिसारी आल्यासारखं झालं, का ते कळेना.

ती पुन्हा खाली बसली. कात्री घेतली नाही; सुईच्या टोकानं एकेक टाका उचलत गेली. ही कौदी अव्वानं कधी धुतली नाही. नुसती उन्हात टाकायची, आणि तीही स्वतः. कुणी हात लावला तर खेकसायची, "ठेव गं, माझी मला येती उचलायला." रात्री ती अंगावर घ्यायची नाही, छातीशी गुंडाळून धरायची. थंडीतसुद्धा. मंजुषानं ते पाहिलं होतं आणि म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. चौकोनाच्या तीन बाजू सुटल्या. सदरा होता, सगळा. पण थर भरायला अंथरतात तसा सपाट नव्हता. बाह्या पुढं घेऊन एकमेकींवर ठेवलेल्या, खालचा घेर दोन्हीकडून आत मुडपलेला. माणसानं मांडी घालावी आणि हात मांडीवर ठेवावेत तसा. गळ्यापाशी मलमलीची एवढीशी पुरचुंडी टाचलेली. तिनं ती सोडली. आत विभूतीचा खडा होता, कडांनी भुगा झालेला, आणि बेलाचं त्रिदळ, वाळून बदामी पडलेलं, पण तिन्ही पानं शाबूत.

मंजुषाच्या हाताला विभूती लागली. हात कुठं पुसायचा ते तिला सुचेना. पौषात अव्वाला असंच बसवलं होतं. त्यांच्यात जाळत नाहीत. माणसाला मांडी घालून बसवतात, अंगाला विभूती लावतात, मांडीवर बेल ठेवतात, आणि मातीत बसतं करतात. खड्ड्याच्या काठावर उभं राहून मंजुषानं पाहिलं होतं. अव्वा केवढीशी दिसत होती, शाळेत पहिल्या दिवशी आणून बसवलेल्या मुलीसारखी. तेव्हाही मंजुषाच्या मनात आलं होतं ते हेच, की तम्मा असता तर पहिली मूठ त्यानं टाकली असती. तो येईल तेव्हा त्याला कसं सांगायचं? आणि अव्वानं त्याला केव्हाच बसवून ठेवलं होतं. माती नव्हती मिळाली त्याला, म्हणून लुगड्यांच्या थरात. पावसाळे, हिवाळे अव्वा त्या समाधीला छातीशी धरून निजत होती. आणि सणासुदीला मंजुषा गेली की शेजारी बसून म्हणत होती, "येईल बाई. त्याचं मन झालं की येईल."

कौदी शिवायला घेतली की अव्वा ओवी म्हणायची, निम्मी कानडी निम्मी मराठी. देगलूरकडं तसंच, तोंडातला घास एका भाषेत आणि पाणी दुसऱ्या. एक ओवी मंजुषाला अजून पाठ होती:

काठानं टाका घाली, मधी पोचंना गं हात
लेकरू दूरदेशी, त्याला उगवू दे रात

लहान असताना तिला वाटायचं, रात कशाला उगवावी? दिवस उगवतो. अव्वा म्हणायची, रात उगवली की लेकरं घरी येतात, येडे. ती ओवी अव्वानं कधी सोडली? मंजुषा आठवू लागली. ही कौदी शिवताना म्हणत होती का? आठवेना. आठवलं ते एवढंच, की त्याच वर्षीच्या दसऱ्याला ती गेली तेव्हा कौदी ओसरीवर पसरलेली होती, दोन बाजूंना दोघी बसल्या होत्या, सासू आणि सून, दोघींच्या सुया एका लयीत वरखाली होत होत्या आणि ओसरीवर नुसता दोऱ्याचा सरसर आवाज होता. तिला बघून दोघी एकदम थांबल्या. मग सुकन्या हसून म्हणाली होती, "या अक्का. दमला असाल." दोघी बसल्या होत्या.

मंजुषानं चौकोनाची चौथी, न उसवलेली बाजू उजेडाकडं वळवली. अव्वाचा टाका तिला अंधारातही ओळखता आला असता. तांदळाच्या कणीएवढा, जरासा डावीकडं कललेला, गाठ आत दडवलेली. कौदीभर तोच होता. आणि इथं, मधल्या चौकोनाच्या कडेला, टाके लांब-आखूड होते, आणि प्रत्येक वितीला वरच्या अंगाला एक ठळक गाठ. ही गाठ सगळ्या घराला माहीत होती. नवी सून होती तेव्हा अव्वा सुकन्याला सगळ्यांदेखत बोलायची, "ही काय गं गाठ? बैल बांधतीस का दावणीला?" शिवप्रसाद लांबून म्हणायचा, "बांधू दे अव्वा, बैल पळून गेला तर?" सगळे हसायचे. सुकन्या पदर तोंडाला लावून सगळ्यात जास्त.

म्हणजे तिला माहीत होतं. अव्वाला माहीत होतं आणि सुकन्याला माहीत होतं. मग फोनवर दर रविवारी "काही कळलं का गं?" असं मंजुषा विचारायची, आणि तिकडून सुकन्या म्हणायची, "न्हाई अक्का. येतील की," ते कुणासाठी होतं? मंजुषाला वाटायचं, आपण त्या दोघींचा धीर टिकवून ठेवलाय. पोस्टर छापले, बसस्टँडवर चिकटवले, ओळखीच्या पोलिसाला फराळ नेऊन दिला. कधी थकली तर मनाशी म्हणायची, आपण खचलो तर अव्वाचं कसं होईल, त्या पोरीचं कसं होईल? आणि त्या दोघी तिकडं ओसरीवर बसून तिच्या पायाखाली हे एवढं मोठं अंथरूण शिवत होत्या, की ती पडली तरी तिला लागू नये. वाट बघणारी घरात एकटीच होती. तिला उदगीरचा मलप्पा आठवला. शाळेत कारकून, बायको बाळंतपणात गेलेली, शांत माणूस. चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा, रामलिंगमामानं, अव्वाच्या भावानं, सुकन्यासाठी विचारलं होतं. त्यांच्यात बाईचं दुसरं लग्न होतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. अव्वा गप्प होती. सुकन्या चुलीपाशी पाठमोरी होती, तिच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच. आणि मंजुषा कडाडली होती, "नवरा जिता असताना? उद्या तो दारात उभा राहिला तर काय तोंड दाखवाल त्याला?" भाकरी करपल्याचा वास तिला आत्ता आला, इतक्या वर्षांनी, इतक्या लांबून, लातूरच्या या खोलीत.

फोन वाजला. आरती होती. "मावशी, फोटो टाका की! सगळ्यांचे आले, तुमचंच दार बंद. वाट बघून राहिल्या सगळ्या." मंजुषानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मावशी? काय करून राहिल्या?" "उसवतेय," ती म्हणाली. "अजून उसवताय? हाव, मग शिवणार कधी!" आरती हसली आणि तिनं फोन ठेवला. मंजुषा बराच वेळ फोन हातात धरून बसली. खिडकीतलं ऊन सदऱ्यावर आलं, बटणावर थांबलं, पुढं सरकलं. मग तिनं देगलूरला फोन लावला. "सुकन्या, येतीस का? टाके घालायला एक हात कमी पडतोय." तिकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. "मधला चौकोन उसवला का, अक्का?" "हाव." सुकन्या म्हणाली, "सकाळच्या गाडीनं येते."

ती आली तेव्हा तिच्या पिशवीत धपाटे होते आणि शेंगदाण्याची चटणी. कुणाच्या घरी सुतकाला जाताना आपण काहीतरी करून नेतो, तसं. चपला काढल्या, पाय धुतले, आणि आत येऊन कौदीच्या कडेला बसली. कौदी जमिनीवर पसरलेली, मध्ये सदरा जसा होता तसा. सुकन्यानं हात पदराला पुसले आणि सदऱ्याच्या मुडपलेल्या बाह्यांवर ठेवले. "विभूती सांडली तर न्हाई ना?" "न्हाई. होती तशी ठेवलीय." सुकन्यानं मान हलवली. तिच्या केसांत कानामागं पांढरं आलेलं मंजुषानं पहिल्यांदा बघितलं. बांगड्या हिरव्या, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"रामलिंगमामांनी आणून दिला," सुकन्या सदऱ्याकडं बघत सांगू लागली. "नांदेडला घाटावर होता. घडी घातलेला. वर चपला, उडू नये म्हणून. तुम्ही तवा सोलापूरला गेला होता, दवाखाने बघायला."

"आणि तो?"

"पाणी लई होतं अक्का त्या साली."

मंजुषा सुईत दोरा ओवू लागली. ओवला जाईना. सुकन्यानं तिच्या हातातून सुई घेतली, दोरा ओला केला, ओवून परत दिली.

"मला का न्हाई सांगितलं?"

"मी सांगणार होते. तुम्ही सोलापूरहून आलात, पायाला फोड, आणि आल्या आल्या म्हणालात, एका वॉर्डबॉयनं तसाच माणूस बघितलाय म्हणून. तुमच्या तोंडावर असलं हसू होतं! मी तोंड उघडलं, तर अव्वांनी मागनं माझा हात दाबला. रात्री म्हणल्या, आपण दोघी हाव की रडायला. एकीला तरी तो जिता असू दे."

बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मंजुषाला वाटलं आपण रडू, पण डोळे कोरडेच राहिले. "आणि तू गं? हे कुंकू, ह्या बांगड्या, एवढी वर्षं..."

"तुम्ही दर सणाला यायच्या ना अक्का," सुकन्या हळूच म्हणाली, त्यात दोष नव्हता. "उंबऱ्यात पाय ठेवला की आधी माझ्या कपाळाकडं बघायच्या."

मंजुषानं दोरा बोटाभोवती गुंडाळला, सोडला. मग मंजुषानं विचारलं, "त्या उदगीरच्या मलप्पाचं काय झालं?" सुकन्यानं चमकून वर बघितलं, आणि तोंडाला पदर लावला, नवी सून असताना लावायची तसा. "काय तरी काढताय अक्का! त्यांना दोन पोरं हायत आता. पहिल्या बायकोची पोरगी यंदा लातूरलाच आलीय म्हणे शिकवणीला." ती हसत होती. पदर तोंडावरून खाली आला तरी हसण्यासारखंच काहीतरी तोंडावर राहिलं होतं, डोळे मात्र भरले होते. मंजुषानं हात पुढं केला. पाठीवरून फिरवला नाही. नुसता तिच्या मनगटावर, बांगड्यांवर ठेवला, आणि तसाच ठेवला.

मग दोघींनी सदऱ्यावर जुना चौकोन सारखा केला आणि त्यावर आरतीचा निळा तुकडा अंथरला. तो बरोबर बसला. मंजुषानं मापात कापून ठेवला होता. शेजारी पिवळी पट्टी होती, बोटभर रुंद, इस्त्री केलेली. सुकन्यानं ती उचलली. भिंतीवरच्या चित्राकडं बघितलं, पुन्हा पट्टीकडं. "ही कुठं लावायची?"

"नाही लावायची."

सुकन्यानं पट्टी घडी करून डब्यात ठेवली, बटणांच्या शेजारी. दोघी समोरासमोर बसल्या आणि दोन बाजूंनी टाके घालत निघाल्या. दोऱ्याचा सरसर आवाज येऊ लागला. मध्येच आरतीचा फोन वाजला, वाजून थांबला. मंजुषाच्या ओठांवर आपोआप अव्वाची ओवी आली, "काठानं टाका घाली," एवढीच, आणि पुढचं तिला म्हणवेना. सुकन्यानं खाली मान घालून पुढची ओळ म्हटली. आवाज तिचा होता, हेल अव्वाचा. शेवटच्या कोपऱ्यात दोन सुया एकमेकींपाशी आल्या तेव्हा मंजुषानं आपली सुई काढून घेतली आणि कोपरा सुकन्याकडं सरकवला. सुकन्यानं दोरा ओढला, वेढा घेतला, आणि गाठ दडवायला सुई उलटी करून खालच्या अंगाला नेऊ लागली. इतक्या वर्षांत अव्वाचं ऐकून शिकली होती ती.

मंजुषानं तिचा हात धरला. "वर मार," ती म्हणाली. "दिसू दे."